जुना लेथ घ्यावा का, आणि घेतला तर सांभाळावा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इचलकरंजीजवळ तुमचे पंप आणि यंत्रमागाचे सुटे भाग दुरुस्त करण्याचे छोटे वर्कशॉप आहे. शेजारचा एक कारखाना बंद होत असून तिथला सहा फुटी बेडचा, हरिहरला बनलेला, साठच्या दशकातला किर्लोस्कर लेथ (धातूचा तुकडा, म्हणजे जॉब, फिरवून कातणारे यंत्र) विक्रीला निघाला आहे. तो घ्यावा की जवळपास तेवढ्याच पैशांत हलक्या बांध्याचा नवा लेथ घ्यावा, तुमच्याकडे सिंगल फेज वीज असताना तो चालेल का, तो आणायचा आणि बसवायचा कसा, पुढे त्याची निगा कशी राखायची आणि भाव किती द्यायचा, हे तुम्ही विचारले आहे. जुने लेथ तपासून, दुरुस्त करून पुन्हा कामाला लावणे हेच माझे आयुष्यभराचे काम असल्यामुळे मी सविस्तर लिहितो.

माझे मत आधीच सांगतो. बेड (ज्यावर बाकीचे भाग सरकतात तो लांब पाया) आणि स्पिंडल (जॉब फिरवणारा मुख्य शाफ्ट) धड असतील तर हा लेथ जरूर घ्या. ते दोन्ही गेलेले असतील तर तो फुकट मिळाला तरी आणू नका. या दोन गोष्टी सोडल्या तर लेथवरचा जवळजवळ प्रत्येक भाग तुमच्यासारख्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त होऊ शकतो किंवा नव्याने बनवता येतो. मोटर बदलता येते, नट गनमेटलमध्ये नवा कातता येतो, तुटलेला दात भरता येतो. झिजलेला बेड मात्र मोठ्या ग्राइंडिंग मशीनवरच जातो, आणि त्याचा खर्च अनेकदा लेथच्या किमतीपेक्षा जास्त होतो. रंग, गंज आणि वरचा तेलकट मळ यांना या हिशेबात काहीही स्थान नाही. ताजा रंग दिलेल्या मशीनकडे मी उलट जास्त संशयाने पाहतो, कारण रंगाखाली वेल्डिंग आणि पुटी सहज लपते.

हरिहरच्या मशीनबद्दल दोन शब्द. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी उभारली आणि पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ साली, तुंगभद्रेकाठी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर हा मशीन टूल्सचा स्वतंत्र कारखाना सुरू झाला. एचएमटी (हिंदुस्तान मशीन टूल्स) त्यानंतरची, १९५३ सालची. तिची सुरुवात स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने झाली. या दोन्ही कारखान्यांच्या जुन्या लेथमध्ये बीड (ओतीव लोखंड) भरपूर आहे, बेडच्या आतल्या आडव्या पट्ट्या जाड आहेत आणि हेडस्टॉकचा, म्हणजे स्पिंडल असलेल्या पेटीचा, पाया रुंद आहे. खोल कट घेताना मशीन थरथरत नाही ती या वजनामुळे, आणि आज त्याच किमतीच्या हलक्या नव्या लेथमध्ये नेमके हेच मिळत नाही. नव्या लेथच्या बाजूने वॉरंटी आणि मिळणारे सुटे भाग आहेत, हे खरे. हरिहरचा कारखाना बंद पडून बराच काळ लोटला असल्याने तुमच्या लेथचा सुटा भाग जुन्या बाजारात शोधावा लागेल किंवा बनवून घ्यावा लागेल. ज्याला स्वतः भाग बनवता येतो त्याला ही अडचण फार मोठी नाही.

आता तपासणी. मशीन अजून जागेवर उभे असून वीज चालू आहे तोवरच ती करा आणि विकणाऱ्याला तसे आधी सांगून ठेवा. एकदा केबल तोडून मशीन बाजूला सरकवले की निम्म्या चाचण्या होतच नाहीत. सोबत मॅग्नेटिक बेससह डायल (बारीक हालचाल सुईने दाखवणारे मापयंत्र), मायक्रोमीटर, चांगली बॅटरी, स्वच्छ सुती कापड आणि थोडे रॉकेल न्या.

बेड सगळीकडे सारखा झिजत नाही. बहुतेक काम चकजवळ (जॉब धरणाऱ्या जबड्यांजवळ) होते, त्यामुळे सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) ज्या भागात रोज पुढेमागे फिरते तो हेडस्टॉकपासूनचा फूट-दीड फूट भाग सर्वांत जास्त घासलेला असतो आणि टेलस्टॉककडचा (जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाकडचा) शेवट जवळजवळ नवाच असतो. ही तफावत हातांना कळते. सॅडल चकजवळ आणून त्याच्या गिब पट्ट्या (सरकत्या भागातली फट भरणाऱ्या पट्ट्या) इतक्या आवळा की सॅडल किंचित जड पण एकसारखे फिरेल; मग ते टेलस्टॉककडे न्या. वाटेत ते थोडे जड झाले तर झीज साधारण आहे; निम्म्या वाटेत जाम होऊन थांबले तर बेड बराच खाल्लेला आहे. त्यानंतर बेडवरून रॉकेलचे कापड फिरवून पुढच्या व्हीच्या (बेडवरच्या उलट्या V आकाराच्या उंचवट्याच्या) माथ्यावर नख घासा. जिथे सॅडल कधी पोहोचत नाही तिथून घासलेला भाग सुरू होताना पायरी नखाला लागते. कारखान्यात केलेल्या स्क्रॅपिंगच्या किंवा ग्राइंडिंगच्या मूळ खुणा टेलस्टॉकच्या टोकाला दिसतात. त्या चकपर्यंत कुठवर टिकल्या आहेत ते पाहिले की मशीनने किती आयुष्य पाहिले याचा अंदाज येतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण तिच्या अज्ञानातून चांगली मशीन भंगारात जातात. बेड खाली झिजला म्हणजे टूल खाली उतरते. समजा ते ०.१ मिलिमीटर उतरले आणि जॉबचा व्यास ४० मिलिमीटर आहे. टूल मध्यापासून खाली गेल्यामुळे त्रिज्येत पडणारा फरक हा उतरण्याच्या वर्गाला व्यासाने भागल्याइतका असतो, म्हणजे ०.०१ भागिले ४०, म्हणजेच ०.०००२५ मिलिमीटर. व्यासात तो अर्धा मायक्रॉन झाला, जो तुमच्या मायक्रोमीटरला दिसणारही नाही. हेच टूल ०.१ मिलिमीटर आडवे, म्हणजे तुमच्याकडे किंवा जॉबकडे सरकले, तर व्यासात थेट ०.२ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून बेडच्या सपाट पट्टीवर दिसणाऱ्या खोलीपेक्षा पुढच्या व्हीचे दोन उतार कमीजास्त घासले आहेत का, हे पाहणे महत्त्वाचे आहे. टूल आडवे सरकते ते त्यामुळेच. पंपाचे शाफ्ट आणि बुश यांसारख्या आखूड जॉबना थोडीफार उभी झीज आडवी येत नाही. फूटभर लांबीचा शाफ्ट दोन सेंटरमध्ये धरून सरळ कातायचा असेल तेव्हा व्हीची आडवी झीज लगेच दिसून येते.

तुमच्या लेथला गॅप असेल, म्हणजे मोठ्या व्यासाचा जॉब बसावा म्हणून बेडचा एक तुकडा काढता येत असेल, तर त्या तुकड्याच्या सांध्यावरून बोटाचे टोक फिरवा. तो तुकडा एकदा काढून घाईने परत बसवलेला असेल तर सांध्याला उंचवटा राहतो आणि सॅडल त्यावरून जाताना जॉबवर रेघ उमटते. चकखालचा बेड हातोड्याच्या आणि पडलेल्या जॉबच्या खुणांनी भरलेला असणे सामान्य आहे. उठलेली कड ऑइल स्टोनने बसवता येते. वेल्डिंगच्या ठिणग्या चिकटलेल्या दिसल्या तर मात्र अधिक विचारपूस करा. लेथवर धरलेल्या जॉबला वेल्डिंग केले गेले असेल तर करंट स्पिंडलच्या बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात.

स्पिंडलसाठी चक काढायला सांगा. चकसकट तपासलेला रनआउट (फिरताना होणारी डगमग) हा चकचा असतो, स्पिंडलचा नसतो. नोजचा, म्हणजे स्पिंडलच्या पुढच्या टोकाचा, जो गोल भाग चकला केंद्रात बसवतो त्यावर डायल लावून हाताने सावकाश फिरवा. सुई एका विभागाच्या आसपास, म्हणजे ०.०१ मिलिमीटर हलली तर उत्तम, ०.०२ पर्यंत तुमच्या कामाला पुरेसे आहे. जर्मन प्राध्यापक गेओर्ग श्लेसिंगर यांनी १९२७ साली मशीन टूल तपासण्याच्या ज्या तक्त्यांचे पुस्तक काढले, त्यातूनच जगभरच्या अशा चाचण्या रूढ झाल्या. पुढची चाचणी अधिक बोलकी आहे. चक परत चढवून त्यात फूट-दीड फुटाचा जाड बार घट्ट धरा, डायलचे टोक स्पिंडल नोजच्या वरच्या बाजूला टेकवा आणि बार जोर लावून वर उचला. सुई दोन-तीन विभागांपेक्षा जास्त उठली तर बेअरिंग ढिले आहे. ते केवळ आवळण्याजोगे आहे की बदलण्याजोगे, हे मशीन चालवल्यावर समजते. सर्वांत कमी वेगापासून एकेक गिअर बदलत वरच्या वेगापर्यंत जा, मग मधल्या वेगावर अर्धा तास चालू ठेवा आणि पुढच्या बेअरिंगवर तळहात ठेवा. कोमट लागणे अपेक्षित आहे. हात ठेववत नसेल तर ते बेअरिंग अति आवळलेले किंवा खराब आहे. दात तुटलेला गिअर फेऱ्यागणिक एकदा ठोका देतो, बेअरिंगचा आवाज मात्र सलग खरखरीत असतो. हा फरक कान लावून ऐका.

क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवे आत-बाहेर नेणाऱ्या भागाच्या) हँडलला पाव फेरा मोकळा फिरत असेल तर विकणारा कमी भावाची तयारी दाखवेल आणि तुम्ही ती स्वीकारावी, पण काळजी करू नये. माप नेहमी एकाच बाजूने, टूल आत नेत घेतले तर बॅकलॅशमुळे, म्हणजे या मोकळ्या फेऱ्यामुळे, माप चुकत नाही, आणि नवा नट हे एका दिवसाचे काम आहे. स्क्रू मध्ये झिजलेला आणि टोकांना जाड राहिलेला असेल तर मात्र नट घट्ट करून भागत नाही. स्क्रूही नवा करावा लागतो. लीडस्क्रूची (आटे काढताना सॅडल ओढणाऱ्या लांब स्क्रूची) झीज चकजवळच असते. हाफ नट (सॅडलला लीडस्क्रूशी जोडणारा नट) लावून सॅडल हाताने पुढेमागे हलवा आणि किती हालते ते दोन ठिकाणी, चकजवळ आणि टेलस्टॉककडे, डायलवर पाहा.

त्या काळातल्या मशीनमध्ये एक बाब विशेष पाहावी लागते. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि बदल पुढची काही वर्षे टप्प्याटप्प्याने होत राहिला, त्यामुळे साठच्या दशकातला लेथ इंचांतलाही असू शकतो. क्रॉस स्लाइडच्या डायलवर थाऊचे (इंचाच्या हजाराव्या भागाचे) विभाग असतील आणि लीडस्क्रू इंचाला चार आट्यांचा असेल, तर मेट्रिक आटे काढण्यासाठी १२७ दातांचा गिअर लागतो, कारण १२७ भागिले ५ म्हणजे बरोबर २५.४. हा गिअर विकणाऱ्याकडे आहे का ते प्रत्यक्ष पाहा, कोपऱ्यातल्या भंगाराच्या पेटीतही शोधा. इंचाच्या लीडस्क्रूवर मेट्रिक आटा काढताना एकदा लावलेला हाफ नट आटा पूर्ण होईपर्यंत उघडायचा नसतो. टूल मागे घेऊन मशीन उलट फिरवून परत आणायचे असते. स्पिंडलचा नोज आट्यांचा असेल तर हे उलट फिरवणे सावकाश, कमी वेगावर आणि कट न घेता करावे, नाहीतर चक सुटून अंगावर येऊ शकतो.

चेंज गिअरचा (वेगवेगळ्या मापांचे आटे काढण्यासाठी बदलायच्या गिअरचा) पूर्ण संच, चार जबड्यांचा चक, फेस प्लेट, स्टेडी (लांब जॉबचा आधार), टेलस्टॉकचे स्लीव्ह आणि आट्यांचा तक्ता असलेली पितळी पाटी या वस्तू मशीनसोबतच उचला. व्यवहार झाल्यावर «नंतर पाठवतो» असे सांगितलेली वस्तू सहसा येत नाही, आणि हीच सामग्री सुटी घ्यायला गेलात तर लेथच्या किमतीचा चांगला मोठा हिस्सा तिच्यावर खर्च होतो.

विजेचा प्रश्न मशीन आणण्याआधी सोडवा. सर्वांत चांगला मार्ग महावितरणकडून थ्री फेज जोडणी घेण्याचा आहे, आणि वर्कशॉप वाढवायचे असेल तर तो आज ना उद्या घ्यावाच लागतो. तोवर सिंगल फेजवर चालवायचे असेल तर व्हीएफडी ड्राइव्ह (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) लागेल, पण त्यात एक अट आहे. सिंगल फेज २३० व्होल्ट घेणारा ड्राइव्ह मोटरला तीन फेज देतो तेही २३० व्होल्टचेच. आपल्याकडच्या दोन हॉर्सपॉवरपर्यंतच्या मोटर बहुधा ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात. त्यांची सहाही टोके टर्मिनल बॉक्समध्ये आणलेली असतील तर त्या डेल्टात जोडून २३० व्होल्टवर पूर्ण ताकदीने चालतात. तीन हॉर्सपॉवर आणि त्यावरच्या मोटर बहुधा मुळातच ४१५ व्होल्टला डेल्टात असतात आणि त्यांना २३० व्होल्ट दिल्यास ताकद फार कमी पडते. म्हणून मोटरची पाटी वाचूनच ड्राइव्ह घ्या. लेथवरचा जुना उलट-सुलट स्विच ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मध्ये ठेवू नये. चालू असताना ती तार तोडली तर ड्राइव्ह जळू शकतो. तो स्विच ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला जोडून घ्यावा. कमी वेग मिळवण्यासाठी ड्राइव्हची फ्रिक्वेन्सी फार उतरवू नका, गिअर बदला. मोटरचा पंखा मोटरसोबत मंदावतो आणि ती तापते. थेट थ्री फेजवर चालवताना नो व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर अनिवार्य समजा, कारण वीज जाऊन परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. अर्थिंग स्वतः मीटरने तपासून घ्या.

वाहतुकीत जितकी जुनी मशीन मोडतात तितकी वापराने मोडत नाहीत. या मापाचा गिअर हेडचा लेथ एक ते दोन टनांचा असतो, वजन वर आणि हेडस्टॉककडे असते, पाया मात्र अरुंद असतो, म्हणून तो सहज पुढे किंवा मागे कलंडतो. हायड्रा (फिरती क्रेन) बोलवा. पट्टा बेडखालून घ्या आणि तो लीडस्क्रू, फीड रॉड किंवा हँडलवर टेकणार नाही अशा बेताने लाकडाचे ठोकळे लावा; तोल साधण्यासाठी सॅडल टेलस्टॉककडे नेऊन आवळून ठेवा. टेलस्टॉक उतरवून वेगळा न्या. स्पिंडल किंवा चकला पट्टा अडकवून मशीन उचलू देऊ नका, उचलणारा कितीही अनुभवी असला तरी. क्रेन पोहोचत नाही तिथे पायांना जाड लाकडी सोट बोल्टने जोडून त्याखाली पाइपचे रोलर टाका आणि पहारीने इंच इंच पुढे न्या. या वेळी मशीनच्या कलणाऱ्या बाजूला कुणीही उभे राहू नये.

आणल्यानंतर पहिला मोह सगळे उघडून धुण्याचा होतो. तो आवरा. आधी मशीन बसवा, लेव्हल करा, चालवा, जॉब कातून पाहा आणि मगच काय उघडायचे ते ठरवा. व्यवस्थित चालणारा हेडस्टॉक उघडला तर बेअरिंगची बसलेली जुळवणी हरवते, आणि ती परत मिळवणे नवख्याला अवघड असते.

खाली किमान सहा इंच जाडीचे, जोड नसलेले काँक्रीट असावे आणि ते पुरते पक्के झालेले असावे. लेव्हल करताना गवंड्याची लेव्हल चालत नाही, मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी मास्टर लेव्हल भाड्याने किंवा उसनी आणा. ती क्रॉस स्लाइडवर आडवी ठेवून सॅडल चकजवळ आणि मग टेलस्टॉककडे न्या. मशीन जमिनीला अगदी समांतर असणे तितके महत्त्वाचे नाही. दोन्ही टोकांना बुडबुडा एकाच जागी असणे महत्त्वाचे आहे. तो हलला तर बेड पिळलेला आहे. एवढा जाड बिडाचा बेडही पायाखालच्या एका बोल्टने पिळतो, यावर अनेकांचा विश्वास बसत नाही, पण पुढची चाचणी केल्यावर बसतो.

साधारण ४० मिलिमीटर व्यासाचा एमएस (माइल्ड स्टीलचा) बार चकमध्ये धरून सहा-सात इंच बाहेर ठेवा, टेलस्टॉकचा आधार देऊ नका. मधला भाग थोडा उतरवून दोन्ही टोकांना पाऊण-एक इंच रुंदीचे दोन कॉलर राखा. ताज्या धारेच्या एचएसएस (हाय स्पीड स्टीलच्या) टूलने ०.१ मिलिमीटरचा कट, बारीक ऑटो फीडवर, क्रॉस स्लाइडला हात न लावता दोन्ही कॉलरवरून एका दमात घ्या. जाड कट घेतल्यास बारच वाकतो आणि निष्कर्ष चुकीचा निघतो. आता दोन्ही कॉलर मायक्रोमीटरने मोजा. बाहेरचा, म्हणजे टेलस्टॉककडचा कॉलर मोठा आला, तर त्या टोकाला टूल जॉबपासून दूर जाते आहे. टेलस्टॉककडच्या पायाचा तुमच्या बाजूचा जॅक बोल्ट किंचित उचला, म्हणजे बेडचा माथा मागे झुकून टूल जॉबकडे जाईल. बाहेरचा कॉलर लहान आला तर उलट करा. बोल्टला पाव फेऱ्याहूनही कमी फिरवून नवा कट घ्या, पुन्हा मोजा. सहा इंचांत ०.०१ मिलिमीटरच्या आत फरक आला की थांबा. तुमच्या कामाला ०.०२ देखील चालेल. झिजलेल्या बेडवर ही जुळवणी त्या लांबीपुरतीच खरी असते, हे लक्षात ठेवा. फाउंडेशन बोल्ट आवळल्यावर पुन्हा तपासा, महिन्याने तपासा, आणि पहिला पावसाळा गेल्यावर एकदा तपासा, कारण काळ्या मातीवरची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते.

साफसफाईत पॉलिश पेपरला बेडपासून दूर ठेवा. त्याचे कण बिडात रुततात आणि मशीन स्वतःलाच घासत राहते. रॉकेल किंवा डिझेल, पितळी ब्रश आणि चिवट गंजासाठी ऑइल स्टोन, तोही हलक्या हाताने, एवढे पुरते. जुना रंग कोरडा घासू नका. त्या काळच्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून ओला करूनच काढा. रंग देताना तेलाची छिद्रे, पाट्या आणि स्क्रॅप केलेले पृष्ठभाग झाका.

हेडस्टॉकचे तेल मशीन अर्धा तास चालवून, गरम असतानाच काढा आणि तळाच्या गाळात चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारा बारीक काळा चिखल सर्वसाधारण आहे. चमकदार तुकडे किंवा पितळी कण दिसले तर झाकण उघडून पाहणे भाग आहे. भरताना मशीनच्या पुस्तिकेत सांगितलेला ग्रेड वापरा. पुस्तिका नसेल तर ४६ किंवा ६८ ग्रेडचे चांगले हायड्रॉलिक प्रतीचे तेल बहुतेक अशा हेडस्टॉकना चालते. गाडीचे इंजिन ऑइल टाकू नका, ते धातूचे कण खाली बसू न देता तरंगत ठेवते आणि या मशीनला फिल्टर नसतो. गंधकयुक्त गिअर ऑइलही नको, ते ब्राँझच्या बुशना खाते. बेडसाठी ६८ ग्रेडचे स्लाइडवे ऑइल वेगळे आणा. उघड्या बेडवर ग्रीस कधीही लावू नये, कारण ग्रीसमध्ये बिडाचा बुरा अडकतो आणि ती घासणारी लगदी सॅडलखाली जाते. सॅडलच्या टोकांचे फेल्टचे वायपर कडक झालेले असतील तर पहिल्याच आठवड्यात नवे कापून बसवा; दहा-वीस रुपयांच्या या फेल्टवर हजारोंचा बेड टिकतो. तेलाच्या कपातली जुनी ग्रीस तारेने काढून तेल खरोखर आत उतरते का ते पाहा. बिडाचा जॉब कातताना किंवा जॉबवर पॉलिश पेपर धरताना बेडवर कापड टाका, आणि बुरा काढायला कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ती बुरा थेट वायपरखाली ढकलते.

पावसाळा तुमच्या भागात या मशीनचा मुख्य शत्रू आहे. रात्री गार पडलेल्या बिडाला सकाळची दमट हवा लागली की त्यावर बारीक दव धरते आणि दोन दिवसांत तांबूस थर येतो. संध्याकाळी बेड पुसून तेलाचा पातळ हात द्या, जाड सुती कापडाने झाका. प्लॅस्टिकच्या आवरणाखाली ओल कोंडते, म्हणून ते टाळा. कापडाखाली चाळीस वॅटचा बल्ब कापडापासून दूर, जाळीच्या पिंजऱ्यात लावून ठेवला तर लोखंड हवेपेक्षा थोडे उबदार राहते आणि दव धरत नाही. कूलंट वापरले असेल त्या दिवशी सॅडल सरकवून त्याखालची जागा पुसल्याशिवाय वर्कशॉप बंद करू नका. त्याच खोलीत बॅटरी चार्ज करणे किंवा ॲसिडची बाटली ठेवणे पूर्ण टाळा. त्या वाफेने नवा बेडही आठवड्यात लाल होतो.

आता भावाचा प्रश्न. मशीनचे वजन गुणिले त्या आठवड्यातला बिडाच्या भंगाराचा भाव, ही तळाची किंमत, कारण विकणाऱ्याला एवढे पैसे कुणीही देईल. चाचण्यांत बेड आणि स्पिंडल खरे उतरले तर तिच्या दुपटीपर्यंत जायला हरकत नाही. चेंज गिअर आणि दोन्ही चक पूर्ण असतील तर त्यांचे वेगळे मोजा. बेड निम्म्यात जाम होणारा आढळला तर फक्त भंगाराच्या भावाने बोला, आणि तेही याचे सुटे भाग ज्याला वापरता येतील असा दुसरा लेथ तुमच्याकडे असेल तरच. हायड्रा, टेम्पो, काँक्रीट, ड्राइव्ह आणि तेल यांचा खर्च कागदावर आधी लिहा आणि उरलेल्या रकमेतूनच बोली लावा. डायल आणि कापड पिशवीत घेऊनच त्या कारखान्यात जा, चक उतरवायला विकणारा तयार नसेल तर त्या दिवशी आगाऊ रक्कम देऊ नका.